दार अंगणातून पाहून निवडावे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या घरविषयक पुरवणीत अलीकडे मुख्य दरवाजांवर जो सविस्तर मजकूर प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. लाकडाचे प्रकार, नक्षीचे नमुने, कुलपांच्या नव्या सोयी अशी पुष्कळ माहिती त्यात होती आणि छायाचित्रेही देखणी होती. मात्र त्या सगळ्या छायाचित्रांत दार एकटेच होते. ते ज्या भिंतीत बसणार, ज्या छपराखाली उभे राहणार आणि ज्या खिडक्यांच्या शेजारी दिसणार, त्यांपैकी काहीच चित्रात नव्हते. दुकानातही दार असेच एकटे पाहायला मिळते आणि आपण ते तसेच पसंत करून घरी आणतो. ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती निस्तरायला आम्हाला अडीच वर्षे लागली. कोकणातल्या जुन्या घरांची दारे सध्या दर उन्हाळ्यात भराभर बदलली जात आहेत, म्हणून ही हकिगत वाचकांपुढे ठेवावी असे मला मनापासून वाटते.

आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ते माझ्या आजेसासऱ्यांनी बांधले. दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती, त्यांना बाहेरून गिलावा नाही. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर आणि वर मंगळुरी कौले, अशी त्याची साधी रचना आहे. मुख्य दार पडवीतून ओटीवर चढताना लागते. ते दोन झडपांचे होते, आतून आडणा, म्हणजे आडवा दांडा, घालायचे, आणि चौकटीसकट जेमतेम ६ फूट उंचीचे. उंच माणसाला आत येताना मान लववावी लागे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या घरांची आणि बागांची काय अवस्था झाली, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आमच्या अंगणातला माड पडवीवर कोसळला, वासे मोडले आणि दाराची उजवी झडप फुटली. त्यानंतर जे घडले ते मी माजघराच्या दारातून पाहिले. समोरून वारा आत शिरला आणि ओटीवरची कौले वरून उडण्याऐवजी आतून उचलली गेली. वादळात छपरावरून जाणारा वारा कौलांना वर ओढत असतो आणि पुढचे दार गेले की आत कोंडलेला वारा त्यांना खालून ढकलतो, हे कारण मला पुढे माझ्या अभियंता भाच्याने समजावून सांगितले. त्या दिवसापासून मुख्य दाराकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहणे मला जमलेले नाही.

पाऊस तोंडावर आला होता, टाळेबंदीमुळे गवंडी मिळत नव्हते आणि सुतारांकडे वादळग्रस्त घरांची रांग लागली होती. त्या घाईत आम्ही तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून तयार दार आणले. ७ फूट उंच, साडेतीन फूट रुंद, एकाच झडपेचे, गडद तांबूस चकचकीत सनमायका लावलेले, मध्ये लंबगोल काच आणि सोनेरी मूठ. दुकानात ते फार रुबाबदार दिसत होते, हे मान्य केले पाहिजे. ते बसवण्यासाठी वरचा चिरा फोडला, जुनी चौकट काढली आणि उंबरठाही काढून टाकला, कारण तयार चौकट तीनच बाजूंची होती.

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मी दूर्वा घेऊन बांधावरून येत होते आणि समोर घर दिसले. पडवीचे छप्पर पुढे इतके खाली उतरते की अंगणातून दाराचा वरचा फूटभर भाग पागोळीच्या आडच जातो. जुने दार बुटके होते म्हणून ते त्या छपराखाली पुरते दिसत असे. नवे दार मात्र कपाळाशी कापल्यासारखे दिसत होते आणि काचेचा लंबगोल नेमका कौलांच्या कडेला भिडला होता. दाराच्या दोन्ही बाजूंना गजांच्या खिडक्या आहेत. त्यांच्या चौकटींची वरची कड आणि जुन्या दाराची वरची कड पूर्वी एका ओळीत होती, हे एवढी वर्षे त्या घरात राहून माझ्या कधी लक्षात आले नव्हते. ती ओळ मोडली तेव्हाच ते जाणवले. शिवाय जुनी चौकट भिंतीच्या आतल्या अंगाला बसवलेली होती, त्यामुळे दारापुढे चिऱ्याचा वीतभर खोल कोनाडा तयार होई आणि त्यात सावली राही. नवी चौकट बाहेरच्या कडेशी बसवल्याने ती सावली गेली आणि भिंत कागदासारखी पातळ दिसू लागली. दीड फूट जाडीच्या भिंतीचा भारदस्तपणा दाराच्या त्या सावलीत होता, हे मी पस्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवूनही आधी ओळखले नाही, याची मला आजही खंत वाटते.

रंगाचेही तसेच झाले. जांभा नवा असताना तांबूस असतो, वर्षानुवर्षांच्या पावसाने काळवंडतो आणि श्रावणात त्यावर शेवाळाची हिरवी झाक येते. म्हणजे भिंतीत तांबडा, काळा आणि हिरवा हे तिन्ही रंग आधीच असतात, आणि तेही मंद, खडबडीत पृष्ठभागावर पसरलेले. त्याच्याशेजारी तांबूस चकाकीचे सपाट दार ठेवले की दोन्ही तांबड्यांचे जमत नाही. दगड मळकट दिसतो आणि दार उपरे. गुळगुळीत पांढऱ्या गिलाव्याच्या भिंतीत तेच दार कदाचित शोभलेही असते.

दुसऱ्या पावसाळ्यात दार खालून फुगले. नव्या चौकटीखाली बसण्यासाठी कारागिराने त्याची खालची कड अर्धा इंच कापली होती आणि कापलेल्या कडेला ना रंग दिला होता ना कसला लेप. अशा सपाट तयार दाराच्या, म्हणजे फ्लश दाराच्या, पोटात लाकडी पट्ट्या आणि वर प्लायवूडचे थर असतात. कापलेली कड उघडी राहिली की पाणी थेट पोटात जाते. पूर्वी आमच्या पडवीला मिरगाच्या आधी झावळ्यांच्या झापांच्या झडी बांधत, त्यामुळे पावसाची झड दारापर्यंत पोहोचत नसे. झडी आम्ही कधीच्याच बंद केल्या होत्या आणि उंबरठाही उरला नव्हता. ऑगस्टमध्ये खालचे थर पानांसारखे सुटू लागले आणि दार लावताना खांद्याने रेटावे लागे. फ्लश दारांसाठी आय.एस. २२०२ आणि सागरी प्रतीच्या प्लायवूडसाठी आय.एस. ७१० ही भारतीय मानके आहेत, आणि बाहेरच्या भिंतीत बसवायच्या दाराचा डिंक पाण्याला टिकणारा आहे की नाही हे विकत घेतानाच विचारायचे असते, हे आम्हाला नंतर समजले. दुकानदाराने ते सांगितले नाही, पण आम्हीही विचारले नव्हते.

आमच्या वाडीतल्या वयोवृद्ध सुतारांना बोलावले तेव्हा त्यांनी दाराला हातही लावला नाही. ते सरळ अंगणापलीकडच्या बांधावर जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "वहिनी, दार घरात राहून नाय बघायचं. हितनं बघायचं." मग त्यांनी एका खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कडेपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत सुतळी ताणली, तिला मध्ये पागोळीचे दोन थेंब लोंबत होते, आणि त्या सुतळीखाली दोन पोफळीच्या काठ्या उभ्या धरून, त्या पुढेमागे सरकवत, नव्या दाराची रुंदी माझ्याकडून ठरवून घेतली. अर्धा तास आम्ही तेवढेच करत होतो. कोणतेही मोजमाप कागदावर लिहिण्याआधी त्यांनी दार घराला लावून पाहिले. दार निवडण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही आणि त्याला सुतळी आणि दोन काठ्यांपलीकडे काही लागत नाही.

लाकूड आमच्याच परसातले होते. वादळात पडलेला फणस आम्ही कापून त्याच्या फळ्या काढल्या होत्या आणि गोठ्याच्या माळ्यावर मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या होत्या. हवेवर वाळवायचे लाकूड इंचाला एक वर्ष या हिशेबाने ठेवावे, असे सुतार सांगतात. आमच्या फळ्या दीड इंची होत्या आणि तोवर त्यांना दोन पावसाळे होऊन गेले होते. फणसाचे लाकूड कोकणात दारा-चौकटींना पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. ते सहसा वाळवीला बळी पडत नाही, ताजे असताना पिवळेधमक असते आणि उजेड-वारा लागून हळूहळू तपकिरी होत जाते. सागवान उत्तमच, पण आमच्या घराचे वासे, खिडक्या आणि देव्हारा फणसाचा असल्याने दारही त्याच कुळातले असावे, असे सासूबाईंनी सुचवले आणि ते सर्वांना पटले.

दार कसे केले याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याचा दिसण्याशी आणि टिकण्याशी एकाच वेळी संबंध आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते ते रेषांच्या आडव्या अंगाने. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही. म्हणून साडेतीन फुटांच्या एका झडपेपेक्षा पावणेदोन फुटांच्या दोन झडपा केल्या की प्रत्येकीचे फुगणे निम्मे होते आणि बिजागऱ्यांवरचा भारही कमी होतो. प्रत्येक झडपेला चौकट करून तिच्या खोबणीत फळी बसवली, पण फळीला डिंक लावला नाही. खोबणीच्या तळाशी दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, जागा मोकळी सोडली. मी कारण विचारले तेव्हा सुतारांनी फळी बोटाने दाबून हलवून दाखवली आणि ती आषाढात या फटीत शिरेल आणि माघात बाहेर येईल, असे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला या रचनेमुळे दारावर उभ्या-आडव्या पट्ट्यांची साधी आखणी दिसते आणि ती खिडक्यांच्या झडपांच्या आखणीशी जुळते. वेगळी नक्षी करायची गरज उरली नाही. फक्त चौकटीच्या वरच्या पट्टीवर जुन्या दाराचा लहानसा कोरीव गणपती जपून काढून पुन्हा बसवला.

फोडलेला चिरा परत भरला, चौकट पुन्हा भिंतीच्या आतल्या अंगाला नेली आणि दाराची वरची कड खिडक्यांच्या ओळीत आणली. त्यामुळे माझ्या उंच मुलाला आजही किंचित वाकावे लागते आणि ते आम्ही विचारपूर्वक मान्य केले आहे. उंबरठा मात्र जुन्यासारखा ८ इंचांचा न करता ४ इंचांचा केला, कारण सासूबाई काठी घेऊन चालतात. तेवढ्यानेही पागोळीचे उडालेले पाणी बाहेर राहते, आणि सकाळी हळदीकुंकू वाहायला व रांगोळी काढायला जागा झाली. आडणाही परत आला. कडीकोयंड्याने दार एकाच ठिकाणी धरले जाते. आडणा मात्र दोन्ही टोकांनी भिंतीत अडकतो आणि वाऱ्याचा रेटा दोन्ही झडपांवरून दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांवर वाटून देतो. ज्यांनी ३ जूनची ती दुपार अनुभवली आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

रंग ठरवायला आम्ही आठ दिवस घेतले. उरलेल्या फळीचे तीन तुकडे घेऊन एकाला नुसते अळशीचे तेल, दुसऱ्याला बाहेरच्या वापराचे पारदर्शक पॉलिश आणि तिसऱ्याला जुन्या खिडक्यांना आहे तसा हिरवा तेलरंग दिला आणि तिन्ही दाराच्या जागी भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी उतरत्या उन्हात आणि रात्री दिव्याच्या उजेडात बांधावरून पाहिले. आमचे घर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे कार्तिकापासून वैशाखापर्यंत दुपारचे ऊन थेट पडवीत येते. त्या उन्हात पॉलिशची चमक डोळ्यांवर येत होती, शिवाय अशा पॉलिशचा थर ऊनपावसाने एकदा तडकला की पाणी त्याच्याखाली शिरते. हिरवा रंग जांभ्याला चांगला वाटला, पण दार आणि खिडक्या एकसारख्या हिरव्या झाल्या की दार ओळखू येत नव्हते. शेवटी दाराला तेल आणि खिडक्यांना हिरवा रंग असे ठरले. तेलाला दमट हवेत बुरशी धरते, म्हणून ते दरवर्षी पावसाआधी पुसून पुन्हा लावावे लागते. कड्या आणि बिजागऱ्या पितळेच्या घेतल्या, कारण खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू तांबेरतात आणि लाकडात त्यांच्याभोवती काळे डाग उतरतात. जुन्या चौकटीवर ते डाग आम्ही पाहिलेले होते.

हे सगळे नियम सर्व घरांना लागू आहेत, असे माझे म्हणणे नाही. स्लॅबचे नवे घर बांधणाऱ्याने वाड्याचे खिळेदार दार आणून लावावे, असे तर मी मुळीच म्हणणार नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला खिळे आहेत ते हत्तीने धडक देऊ नये म्हणून. कुंपणाच्या लोखंडी फाटकामागे दहा पावलांवर असलेल्या दाराला त्यांचे प्रयोजन नाही. आमच्या पंचक्रोशीत एका घराला अलीकडे चेट्टिनाड पद्धतीचे भरगच्च कोरीव दार बसवले आहे. तमिळनाडूतल्या कराईकुडीच्या परिसरात ही दारे उंच, गुळगुळीत चुन्याच्या गिलाव्याच्या दर्शनी भिंतींत असतात. तिथे वरच्या पट्टीवरची गजलक्ष्मी रस्त्यावरून दिसते आणि आजूबाजूची भिंत शांत असल्याने कोरीवकाम उठून दिसते. आमच्याकडच्या खाली उतरलेल्या छपराखाली, खडबडीत चिऱ्यामध्ये, त्या सुंदर कामाची अर्धी नक्षी अंधारात राहते. दोष दाराचाही नाही आणि घराचाही नाही. त्यांची गाठ घालून देणाऱ्याने दोघांकडे एकत्र पाहिले नाही, एवढेच.

पोलादी दारांविषयी वाचक विचारतील. बंद असलेल्या घरांसाठी, विशेषतः मुंबईला नोकरी करणाऱ्या आणि वर्षातून दोनदाच येणाऱ्या कुटुंबांसाठी ती सुरक्षित वाटतात, हे मी समजू शकते. पण समुद्राकाठी रंगाला एक ओरखडा गेला तरी तिथून गंज धरतो आणि पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाच्या पत्र्याला हात लावता येत नाही. ज्यांना ते घ्यायचेच आहे त्यांनी निदान लाकडाच्या रेषांची छापील नक्कल टाळून एकरंगी, मंद, भिंतीशी जुळणारे दार घ्यावे. धातूने धातूसारखे दिसावे, त्यात कमीपणा काही नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. आमचे तयार दार बसवणावळीसह सुमारे २६ हजारांना पडले होते. फणसाच्या दाराला लाकूड घरचे असूनही कापाई, मजुरी आणि पितळेचे सामान धरून ३४ हजार लागले. ज्यांना लाकूड विकत घ्यावे लागेल त्यांना त्याहून अधिक लागतील. मात्र आमची जुनी डावी झडप वादळानंतरही धडधाकट होती आणि चौकट केवळ तिरकी झाली होती. त्याच वेळी थांबलो असतो, पावसाळ्यापुरता पत्रा ठोकून ठेवला असता आणि एकच झडप नवी केली असती, तर हा दोन्ही वेळचा बहुतेक खर्च वाचला असता. ती डावी झडप आम्ही रद्दीच्या भावात देऊन टाकली, हे लिहिताना मला आजही वाईट वाटते. म्हणून दार बदलायला निघालेल्यांना माझी पहिली विनंती अशी आहे, की काढलेले जुने दार आणि चौकट किमान एक वर्ष कोरड्या जागी उभे ठेवावे, भंगारवाल्याला लगेच देऊ नये.

दुसरी विनंती आपल्याला आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोकणात घरदुरुस्तीची कामे निघतात आणि गणपतीपर्यंत ती उरकण्याची घाई असते. त्याआधी, शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आपल्या पुरवणीने मुख्य दारांविषयी पुन्हा एकदा लिहावे आणि या वेळी प्रत्येक दाराचे छायाचित्र रस्त्यावरून किंवा अंगणातून, भिंत, छप्पर आणि खिडक्या दिसतील असे घ्यावे. चिऱ्याचे कौलारू घर, देशावरचे काळ्या दगडाचे आणि विटांचे घर, गिलाव्याचा बंगला, अशी निरनिराळी घरे त्यात असावीत, आणि ज्या सुतारांनी ती दारे केली त्यांच्याशी बोलून मापे, लाकूड आणि पावसाची दिशा यांचीही नोंद द्यावी. आपल्या जिल्ह्यात अशी कामे करणारे जुने कारागीर अजून आहेत. आमच्या दाराचे काम केलेले सुतार आता थकले आहेत, पण बांधावर उभे राहून सुतळी कुठे ताणायची हे दाखवायला ते आनंदाने येतील. तसे त्यांनी मला स्वतः सांगितले आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी